वरच्या मजल्यावरचे भाड्याचे घर आणि कोल्हापूरचा उन्हाळा

आजऱ्याकडच्या कौलारू घरातून मार्चच्या मध्यावर कोल्हापुरात आलेल्या एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कळंबा रस्त्याच्या बाजूला एका तीन मजली इमारतीतला सर्वांत वरचा, दोन शयनखोल्यांचा फ्लॅट त्यांनी अकरा महिन्यांच्या कराराने घेतला आहे. घरात पती-पत्नी, दीड वर्षाचे बाळ आणि पासष्टी ओलांडलेल्या सासूबाई आहेत. दुपार कशीबशी निघते, परंतु संध्याकाळी सातनंतर घराची भट्टी होते आणि मध्यरात्र उलटली तरी पंख्याखाली गरमच वारा अंगावर येतो. घरमालकांनी भिंतीला भोके पाडायची नाहीत, असे बजावले आहे. अशा वेळी एसी घ्यावा की कूलर, की पुढच्या वर्षी सरळ नदीच्या बाजूला तळमजल्याचे घर पाहावे, असे त्यांनी विचारले आहे.

आपल्या प्रश्नात माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे शब्द ‘संध्याकाळी सातनंतर’ हे आहेत. इमारतींची दुरुस्ती आणि गळती काढणे या कामात माझी तीस वर्षे याच शहरात गेली आहेत, आणि घर कधी तापते हे कळले की ते कुठून तापते हे बहुतेक वेळा आपोआप कळते. कौलारू घर किंवा पत्र्याची खोली उन्हाबरोबर तापते आणि ऊन कलले की लवकर निवते, कारण कौल किंवा पत्रा पातळ असतो आणि उष्णता साठवून ठेवण्याइतके वजन त्यात नसते. आरसीसी स्लॅबचे तसे नाही. चार-पाच इंच जाडीचे काँक्रीट आणि त्यावरचा कोबा, म्हणजे गच्चीच्या पृष्ठभागावर घातलेला सिमेंटचा थर, दिवसभर ऊन पीत राहतो. दुपारी एक-दोनच्या सुमारास वर पडलेली उष्णता खालच्या बाजूला उतरायला चार-पाच तास लागतात आणि नेमकी दिवेलागणीला ती आपल्या डोक्यावर पोहोचते. त्या वेळी बाहेर हवा सुटलेली असते, रंकाळ्यावर माणसे गार वाऱ्याला बसलेली असतात आणि आपण मात्र घरात घामाघूम झालेले असतो. आजऱ्याच्या घरात हा अनुभव आलेला नसल्यामुळे आपल्याला घरातच काही दोष आहे असे वाटले असेल, पण बहुतेक स्लॅबची घरे अशीच वागतात.

तेव्हा काहीही विकत घेण्याआधी एक चाचणी करावी. संध्याकाळी सात वाजता स्टुलावर चढून प्रत्येक खोलीच्या छताला तळहात टेकवावा, मग त्याच खोलीच्या चारही भिंतींना छातीच्या उंचीवर हात लावावा आणि कोणती जागा कोमट आणि कोणती चटका देणारी आहे हे कागदावर लिहून ठेवावे. तीच फेरी रात्री साडेअकराला पुन्हा करावी. माझा अंदाज असा आहे की सातच्या फेरीत छत सर्वांत तापलेले सापडेल आणि साडेअकराच्या फेरीत पश्चिमेची भिंत. नऊ इंची विटांच्या भिंतीतून उष्णता आरपार यायला सात-आठ तास लागतात, म्हणून चार ते सहाच्या दरम्यान भिंतीवर पडलेले पश्चिमेचे ऊन मध्यरात्रीच्या पुढेमागे उशाशी येऊन बसते. सासूबाईंची खाट त्या भिंतीला लागून असेल तर ती आजच हलवावी. या एका गोष्टीला पैसा लागत नाही आणि फरक पहिल्याच रात्री जाणवतो.

दिशांबद्दल इथे थोडे सांगितले पाहिजे, कारण भाडेकरू पडद्यांवरचा खर्च बहुधा चुकीच्या खिडकीवर करतात. कोल्हापूर सुमारे 16.7 उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भर मध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो मध्यान्हीला किंचित उत्तरेकडेच असतो. याचा अर्थ एप्रिल-मे महिन्यांत दक्षिणेच्या खिडकीतून ऊन जवळजवळ येतच नाही, साधा दीड फुटी छज्जाही ते अडवतो. पूर्वेचे ऊन सकाळी येते, पण त्या भिंतीला निवायला अख्खा दिवस मिळतो. खरा मारा गच्चीवर आणि पश्चिमेवर होतो, आणि पश्चिमेला छज्जा कामाला येत नाही, कारण चार-साडेचारनंतर सूर्य इतका खाली आलेला असतो की किरण छज्जाच्या खालून सरळ आत शिरतात. आपल्या हॉलची मोठी खिडकी दक्षिणेला असेल तर तिच्यावर जाड पडद्याचे पैसे घालू नयेत.

आता मुख्य मुद्दा. आपल्या घराचा निम्म्याहून अधिक त्रास ज्या जागेवरून येतो ती गच्ची आपली नाही, ती घरमालकांची किंवा सोसायटीची आहे. म्हणून एसी की कूलर या प्रश्नाच्या आधी घरमालकांशी गच्चीबद्दल बोलणे हे काम येते, आणि बहुतेक भाडेकरू नेमके तेवढेच टाळतात. ‘घर फार तापते हो’ अशी तक्रार घेऊन गेल्यास ‘उन्हाळा आहे, तापणारच’ हे उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी, ‘गच्चीला चुना मारून घ्यावा म्हणतो, खर्च आम्ही करतो, त्या निमित्ताने कोब्याला कुठे भेगा आहेत तेही पावसाआधी दिसेल, आपण एकदा वर येऊन पाहाल का,’ असे म्हटले तर मालकांचाही त्यात फायदा दिसतो. जूनमध्ये गळणारी स्लॅब ही कोल्हापुरात प्रत्येक घरमालकाची दुखरी नस आहे.

गच्चीचा कोबा किंवा उघडे काँक्रीट करडे असते आणि पडलेल्या उन्हाचा मोठा भाग शोषून घेते. तीच जागा पांढरीशुभ्र केली तर बहुतांश ऊन परत फेकले जाते. दुपारी दोन वाजता करड्या गच्चीवर अनवाणी पाऊल ठेववत नाही, पण चुना मारलेल्या गच्चीवरून चालत जाता येते, हे कुणालाही अनुभवता येईल. ज्या इमारतींच्या गच्चीवर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचे चायना मोझॅक आहे त्यांना हे सुख आधीच मिळालेले असते. बाजारात उष्णता परावर्तित करणारे तयार रंगही मिळतात, ते काही वर्षे टिकतात आणि चुन्यापेक्षा बरेच महाग पडतात. अकरा महिन्यांच्या भाडेकरूने त्या खर्चात पडण्याचे कारण नाही. मालक स्वतः करत असतील तर उत्तमच.

चुन्याचे काम सोपे दिसते, पण घाईने केले तर पंधरा दिवसांत त्याची पूड उडते. कळीचा, म्हणजे न विरवलेला, चुना वापरणार असाल तर तो लोखंडी पिंपात भिजवावा, प्लॅस्टिकच्या बादलीत नको, कारण विरताना तो उकळतो. आधी पाणी घ्यावे आणि त्यात चुना थोडा थोडा सोडावा, चुन्यावर पाणी ओतू नये. बाळाला त्या दिवशी गच्चीकडे फिरकू देऊ नये आणि काम करणाऱ्याने डोळ्यांवर चष्मा लावावा, चुन्याचा एक थेंब डोळ्यात गेला तरी दुखापत गंभीर होऊ शकते. किलोभर चुन्याला साधारण पाच लिटर पाणी हे प्रमाण धरून तो रात्रभर मुरू द्यावा, सकाळी गोणपाटातून गाळून घ्यावा आणि त्यात भिजवलेला डिंक किंवा फेव्हिकॉल घालून ताकाइतपत पातळ करावा. गच्ची आधी खराट्याने झाडून, धुऊन, ओलसर असतानाच पहिला हात द्यावा. हे काम सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावरच करावे, कारण चुना हळूहळू सुकला तरच धरतो. पहिला हात उभा, दुसरा आडवा, आणि जमल्यास तिसरा. पावसाळ्यात तो बराचसा धुऊन जातो, म्हणून जुन्या पेठांतली माणसे हे काम दरवर्षी शिमग्याच्या आसपास उरकतात. आपल्याला उशीर झाला आहे, पण एप्रिल आणि मे अजून पुढे असल्यामुळे केलेले वाया जाणार नाही.

चुना मारण्याआधी कठड्याच्या कडेने फिरून कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथला सिमेंटचा गोलसर वाटा सुटला आहे का आणि कोब्याला केसासारख्या भेगा आहेत का, हे पाहून फोटो काढून मालकांना पाठवावेत. याचे दुसरे कारण थोडे व्यवहाराचे आहे. उद्या स्लॅब गळली तर ‘भाडेकरूने वर काहीतरी केले’ असे म्हणायला जागा राहू नये. एरवी लोक गच्चीवर पाणी मारून ती निववतात किंवा ओली पोती अंथरतात. कोबा धड असेल तर त्याने फरक पडतो, यात शंका नाही, पण जुन्या इमारतीत मी हे कधीच सुचवत नाही. पूर्वी एका कुटुंबाला मीच तसे सांगितले होते. आठ दिवसांत त्यांच्या बाथरूमच्या वरच्या कोपऱ्यात ओल उमटली आणि रंगाचे पैसे त्यांच्या अनामत रकमेतून कापले गेले. ती चूक माझी होती.

चुन्याला मालक तयार नसतील तर दुसरा मार्ग सावलीचा आहे. शेतीच्या दुकानात मिळणारी हिरवी किंवा पांढरी शेडनेट गच्चीपासून दोन-तीन फूट उंचीवर, म्हणजे खालून वारा खेळेल अशी, निदान झोपायच्या खोलीच्या डोक्यावर बांधावी. ती स्लॅबवर नुसती अंथरण्यात फारसा अर्थ नाही. तसेच बांधताना वळवाची आठवण ठेवावी. एप्रिलअखेरच्या एखाद्या संध्याकाळी धुळीचे लोट उठतात आणि सैल बांधलेली जाळी शेजारच्या इमारतीच्या टाकीवर जाऊन पडते. गाठी अशा माराव्यात की आभाळ भरून आले की पाच मिनिटांत जाळी उतरवता येईल.

पश्चिमेच्या खिडकीकडे आता वळू. तिला आतून कितीही जाड पडदा लावला तरी ऊन काचेतून आत आलेलेच असते, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेर अडवले पाहिजे. आपल्याला भिंतीला भोक पाडता येत नाही, पण खिडकीला लोखंडी ग्रिल असेल, आणि कोल्हापुरात ती नसलेले घर शोधावे लागेल, तर बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा ग्रिलच्या बाहेरच्या अंगाने सुतळीने किंवा तारेने बांधता येतो. घर सोडताना सोडवून नेताही येतो. वाळ्यावर दुपारी पाणी शिंपडले तर वासही छान येतो, मात्र पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकणार नाही हे पाहावे, नाहीतर उन्हापेक्षा शेजार तापतो.

काचेला आतून चंदेरी कागद किंवा थर्माकोल चिकटवण्याचा सल्ला आपल्याला कुणीतरी देईलच. लग्नानंतर पहिल्या भाड्याच्या घरात मी तेच केले होते. स्थापत्य अभियंता असल्याचा थोडा ताठाही तेव्हा होता. पश्चिमेची मोठी काच कागद आणि थर्माकोल लावून मी आतून पक्की बंद केली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी काचेला कोपऱ्यापासून मधोमध तडा गेला. काच आणि कागद यांच्यामध्ये उष्णता कोंडली, काचेचा मधला भाग तापून फुगला, चौकटीत दडलेली कड मात्र थंडच राहिली, आणि त्या ताणाने साधी काच तडकली. घरमालक समंजस होते, पण नवीन काच मीच बसवून दिली.

खिडक्यांचे वेळापत्रकही घरात ठरवून घ्यावे. सकाळी साडेआठ-नऊनंतर बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा गरम होऊ लागते, तेव्हा खिडक्या आणि पडदे बंद करावेत. संध्याकाळी बाहेरची हवा निवल्यावर, म्हणजे बहुधा साडेसात-आठला, सगळे उघडावे. इथे कोल्हापूरची एक गंमत आहे. ज्या पश्चिमेकडून ऊन छळते त्याच पश्चिमेकडून संध्याकाळचा वारा येतो. म्हणून पश्चिमेची खिडकी कायमची झाकून टाकणे ही चूक ठरते, ती दिवसा झाकायची आणि रात्री सताड उघडायची. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या निम्म्याच उघडतात, त्यामुळे समोरची वाट मोकळी असणे फार महत्त्वाचे आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीत टेबल पंखा तोंड बाहेर करून ठेवावा, म्हणजे तो घरातली तापलेली हवा बाहेर ढकलतो आणि पश्चिमेच्या खिडकीतून गार हवा आपसूक ओढली जाते. छताच्या पंख्याने मात्र संध्याकाळी सात ते नऊ या वेळात स्लॅबखालची सर्वांत गरम हवाच अंगावर येते. तेवढा वेळ बसण्यासाठी जमिनीलगतचा टेबल पंखा बरा.

डासांसाठी वेल्क्रोची जाळी लावताना तिची पट्टी रंगावर न चिकटवता खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर चिकटवावी, काढताना रंगाचे पापुद्रे निघत नाहीत. पंखे हळू फिरत असतील तर नवीन पंखा घेण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून त्याचा कंडेन्सर बदलून पाहावा. भाड्याच्या घरातले जुने पंखे बहुधा याच फुटकळ कारणाने रेंगाळत असतात. नवीन घ्यायचाच झाला तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, घ्यावा. जुना पंखा 70 ते 80 वॅट खातो, हा तीसच्या आसपास, आणि घर बदलताना तो काढून नेता येतो. जुना पंखा माळ्यावर जपून ठेवावा, जाताना तोच परत लटकवून द्यायचा असतो.

कूलरबद्दल लोकांची मते टोकाची असतात. त्याचे कारण असे की दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे, फक्त महिने वेगळे आहेत. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो आणि हवा कोरडी असेल तरच पाणी उडते. कोल्हापुरात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा चांगली कोरडी असते. समजा बाहेर 38 अंश तापमान आणि 25 टक्के आर्द्रता असेल, तर बऱ्या स्थितीतला कूलर 26-27 अंशांपर्यंतची हवा देऊ शकतो. वळवाचे पाऊस सुरू झाले की हा फरक घटत जातो आणि जूनमध्ये कूलर म्हणजे नुसता ओला वारा फेकणारा पंखा उरतो. म्हणजे वर्षातले दोन-अडीच महिने तो खरोखर उपयोगी आहे. तो खिडकीत, बाहेरची हवा ओढेल असा ठेवावा आणि समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडे ठेवावे. बंद खोलीत कूलर लावला तर तासाभरात अंग चिकट होते आणि लोक कूलरला नावे ठेवतात. पत्र्याच्या कूलरला अर्थिंगचे तीन पिनी कनेक्शन असलेच पाहिजे, आणि पाणी भरताना बटण बंद करून पिन काढून ठेवली पाहिजे. घरात रांगते बाळ आहे, म्हणून हे ठासून सांगतो. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करावी. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत त्याची पूर्ण वाढ होते.

एसीला माझा विरोध नाही. घरात बाळ आणि वयस्कर माणूस असताना एक खोली तरी हमखास थंड असावी, असे मी म्हणेन. पण तो गच्चीचे काम झाल्यावर घ्यावा. उघड्या स्लॅबखालच्या दहा बाय बाराच्या खोलीला आज एक टन पुरणार नाही आणि दुकानदार दीड टन सुचवील. चुना आणि सावलीनंतर त्याच खोलीला कदाचित एक टनही पुरेल. शिवाय एसी फक्त हवा गार करतो, डोक्यावरची स्लॅब तशीच तापलेली राहते आणि रात्रभर तिच्याशी झगडत कॉम्प्रेसर थांबायचे नाव घेत नाही. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालवला तर सात-आठ युनिट सहज होतात, आणि महावितरणच्या घरगुती दरात 100, 300 आणि 500 युनिटला टप्पे बदलत असल्यामुळे पुढच्या टप्प्यातले प्रत्येक युनिट महाग पडते. 2020 पासून स्टारवाले नवीन एसी चालू करताना 24 अंशांवरच लागतात. आपण तो 26 वर ठेवून सोबत पंखा मंद चालवावा. चौघांनीही उन्हाळ्यापुरते त्याच एका खोलीत झोपायला हरकत नाही.

स्प्लिट एसीला भिंतीत अडीच-तीन इंचांचे भोक लागते आणि आपल्याला ते मना आहे. मालकांनी परवानगी दिलीच तर ती लेखी घ्यावी, भोक कुणी बुजवायचे आणि स्टँड कुणाचा हेही त्यात यावे. ग्रिल काढता येण्यासारखी असेल तर विंडो एसी भाडेकरूला सोयीचा पडतो, आवाज मात्र सहन करावा लागतो. दोन्हींसाठी स्वतंत्र एमसीबी (भार वाढल्यास वीज आपोआप तोडणारे बटण), 4 चौरस मिलिमीटरची तार आणि जाड पिनेचा पॉइंट आहे का, हे आधी तपासून घ्यावे. पंख्याच्या सॉकेटवर एसी चालवून वायरिंग जळाल्याची कामे मी दर उन्हाळ्यात पाहतो.

करारासंबंधी दोनच गोष्टी सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. पुढच्या वेळी करार करताना गच्चीचा वापर, चुन्याचा खर्च आणि एसीचे भोक या तीन गोष्टी त्यात घालून घ्याव्यात. या वेळी निदान वीज मीटरचा आजचा आकडा आणि भिंतींचे फोटो मालकांना पाठवून ठेवावेत.

काही लहानसहान गोष्टी राहिल्या. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी चटके देते, म्हणून बाळाच्या संध्याकाळच्या अंघोळीचे पाणी सकाळीच बादलीत काढून ठेवावे. माठ खिडकीजवळ, वारा लागेल अशा तिवईवर ठेवावा. कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला माठ पाणी गार करत नाही. फ्रिज पश्चिमेच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा. त्याच भिंतीला कपाट लावले तर उन्हाळ्यात ते आडोशाचे काम करते, पण जूनच्या पहिल्या आठवड्यात ते आठवणीने हलवावे, कारण कोल्हापूरचा पाऊसही पश्चिमेकडूनच झोडपतो आणि कपाटामागे बुरशी धरते. सासूबाई किंवा बाळ फार मलूल झाले, अंग तापून कोरडे पडले किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर ओल्या फडक्याने अंग पुसत राहून लगेच 108 ला फोन करावा.

तळमजल्याच्या घराबद्दल आपण विचारले आहे. तळमजला थंड असतो, हे खरेच आहे. डोक्यावर दोन मजले आणि खाली जमीन असल्यामुळे तिथे आपली निम्मी कटकट उरणार नाही. परंतु नदीच्या बाजूला म्हटलेत, म्हणून सावध करतो. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळीवर आणि 43 फुटांना धोका पातळीवर पोहोचते, आणि 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी ते त्याच्या कितीतरी वर गेले होते. घर पाहायला जाल तेव्हा मालकांपेक्षा शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारावे की 2019 मध्ये आणि 2021 मध्ये पाणी कुठपर्यंत आले होते. तो भिंतीवर हात ठेवून दाखवील. माझे मत विचाराल तर पुढच्या वर्षी उंच भागातल्या इमारतीतला मधला मजला शोधावा, ज्याच्या पश्चिमेला दुसरी इमारत किंवा मोठे झाड आहे.

तूर्त येत्या रविवारी सकाळी चुना मारून घ्यावा. त्याआधी इमारतीतल्या सर्वांना सांगून ठेवावे, कारण हे दिवस चटणीच्या मिरच्या आणि सांडगे-पापड वाळवण्याचे आहेत, आणि चुना पूर्ण सुकेपर्यंत दोन दिवस कुणाचेही वाळवण वर जाता कामा नये. त्यानंतर आठ दिवसांनी संध्याकाळी सात वाजता पुन्हा स्टुलावर चढून छताला हात लावावा आणि पहिल्या कागदाशेजारी नवी नोंद करून दोन्ही मला पाठवावेत. एसी एक टनाचा की दीड टनाचा, की या वर्षी कूलरवरच भागेल, हे त्यावरून सांगता येईल.